संध्याकाळी सातला झोपणारे गाव

"माझी एक अट आहे," बायको म्हणाली, आणि दिलगीररावांनी तोंडाकडे नेलेला चमचा परत वाटीत ठेवला. बायकोची एक अट म्हणजे काय प्रकरण असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

"तुमच्या ऑफिसातलं एकही माणूस तिथे दिसता कामा नये."

"अगं, दिसेल कसं? जग एवढं मोठं आहे."

"जग मागच्या वर्षीही एवढंच होतं."

मागच्या वर्षी मंडळी तळ्याकाठी गेली होती आणि दुसऱ्याच दिवशी नाश्त्याच्या टेबलावर साहेब सहकुटुंब हजर झाले होते. तिथून पुढे सुट्टी कसली आणि काय कसली! साहेब होडीत बसणार आणि वल्ही दिलगीरराव मारणार. साहेब पत्ते पिसणार आणि दिलगीरराव हरणार. एकदा तर पोहताना साहेबांनी काठावरून हाक मारली, तेव्हा दिलगीरराव कमरेइतक्या पाण्यात ताडकन उठून उभे राहिले होते. हे दृश्य बायको अजून विसरली नव्हती. साहेबांची बायको आठवडाभर काळा चष्मा लावून शेजारी बसलेली असे. दोघींचे बोलणे "आज ऊन आहे ना" याच्या पुढे कधी गेले नाही, कारण दोन पुरुष वॉशिंग मशीनवर बोलत असताना मध्ये शब्द घालायला फटच मिळत नसे.

"सांगून ठेवते," बायको म्हणाली, "तुमचा एक जरी माणूस दिसला, तरी मी मुलांना घेऊन मिळेल त्या गाडीने परत. तुम्ही आणि तुमचे साहेब बसा बर्फात पत्ते कुटत."

हे ती नुसते बोलायचे म्हणून बोलत नव्हती. ती बालवाडीत शिकवत असे. सकाळपासून तीस पोरे "बाई, ह्यानं मला चावलं" आणि "बाई, मीच त्याला चावलो" म्हणून दोन्ही बाजूंनी पदर ओढत. घरी आल्यावर स्वतःची दोन होतीच. थोरली दहा वर्षांची, ती सतत प्रश्न विचारत असे. धाकटा सहा वर्षांचा, तो उत्तराची वाट न पाहता करून मोकळा होत असे. हल्ली बायको झोपेतसुद्धा "आले, आले" म्हणत उठून बसायची आणि हाक कुणीच मारलेली नाही हे कळल्यावर केविलवाणे हसायची. एक आठवडा आपल्याला कुणी हाक मारू नये, एवढेच तिचे मागणे होते. मुलांना बर्फ हवा होता, तिला शांतता हवी होती. तेव्हा शांत आणि मुलाबाळांना सोयीचे असे स्कीचे ठिकाण शोधून काढण्याची कामगिरी दिलगीररावांच्या गळ्यात पडली.

दिलगीरराव हे अर्थात त्यांचे खरे नाव नव्हे. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते पत्रोत्तरे लिहीत, आणि त्यांचे प्रत्येक पत्र "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत" या वाक्याने सुरू होई. हे वाक्य त्यांच्या अंगात इतके मुरले होते की बसमध्ये कुणी त्यांच्याच पायावर पाय दिला तरी तेच तोंडातून बाहेर पडे.

जाहिरातींवर तक्रार विभागातला माणूस विश्वास ठेवत नाही. साहेबांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवले होते, "कंपनी काय म्हणते ते वाचू नका. तक्रार वाचा. आणि तक्रार वाचताना तक्रार करणारा माणूस वाचा." 'मशीन फार हळू आवाजात चालते, सुरू आहे की बंद तेच कळत नाही' अशी तक्रार आली, तर मशीन उत्तम आहे असे समजायचे. हे शास्त्र साऱ्या विभागाच्या हाडीमासी भिनले होते. दिलगीरराव औषधसुद्धा त्याची निंदा वाचूनच घेत.

त्यांनी त्याच पद्धतीने ठिकाणे तपासायला घेतली. एका ठिकाणच्या जाहिरातीत 'उत्साही वातावरण' होते, आणि खाली तक्रार होती की खिडकीच्या काचा ढोलाच्या ठोक्याला थरथरतात. दुसरे ठिकाण 'साहसवीरांचे नंदनवन' होते. तिथल्या प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांचे मात्र लोकांनी तोंडभरून कौतुक केले होते. तिसऱ्या ठिकाणाच्या तक्रारी वाचताना दिलगीररावांच्या अंगावर काटा आला.

"ऐक," ते बायकोला म्हणाले. "एक तरुण लिहितो, 'संध्याकाळी सात वाजता सगळं गाव झोपतं. कुत्रंसुद्धा भुंकत नाही.'"

बायकोने हातातले कपडे खाली ठेवले.

"दुसरा लिहितो, 'उतार इतके सौम्य आहेत की माझी सासू माझ्या पुढे निघून गेली.' तिसऱ्याची तक्रार, 'गाणं नाही, बार नाही, गावात एकच दुकान, तेही मेणबत्त्यांचं.' आणि हा बघ, 'सबंध आठवड्यात माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.'"

"अगंबाई!" बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते. "ह्याला म्हणतात सुट्टी. आत्ताच्या आत्ता खोली घेऊन टाका."

खोली घेतली. घोडे गंगेत न्हाले, असे दिलगीररावांना वाटले.

कारखाना दर हिवाळ्यात एक आठवडा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी बंद असे, आणि साऱ्या विभागाला सुट्टी तेव्हाच मिळे. त्यामुळे त्या दिवसांत चहाच्या वेळी दुसरा विषयच नसे. दिलगीररावांनी तोंडाला कुलूप लावून ठेवले होते. पण एकदा दुपारी ते पुन्हा त्या गावाची चित्रे डोळे भरून पाहत बसले असताना मागून आवाज आला, "हे काय हो दिलगीरराव? कुठलं गाव हे?"

आवाज पुराव्याचा होता. मशीन बिघडले असे कुणी कळवले, की पुराव्या मशीनचा फोटो मागे, मग बिलाचा फोटो मागे, मग मशीनशेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो मागे. अशा माणसापुढे खोटे बोलणे सोपे नव्हते. त्यातच पलीकडच्या टेबलावरून गोडबोलीही कप घेऊन आली. गोडबोली फोन घेत असे. तिचा आवाज ऐकला की स्वयंपाकघरात घोटाभर पाण्यात उभा असलेला माणूसही "बरं बरं, सावकाश पाठवा" म्हणून फोन ठेवून देई.

दिलगीररावांच्या तोंडचे पाणी पळाले. पण प्रसंग ओळखून त्यांनी तोंड वाकडे केले.

"हे होय? हे रद्द केलं मी. काय सांगू तुम्हाला, भिकार जागा! संध्याकाळी सात वाजता गाव झोपतं."

"सातला?" गोडबोलीने विचारले.

"सातला! रस्त्यात चिटपाखरू नाही. गाणं नाही, बजावणं नाही. उतार म्हणजे बागेतली घसरगुंडी. आणि माणसं इतकी घुमी, की आठवडाभर तुमच्याशी कुणी बोलणार नाही. मेल्यासारखं पडून राहायचं नुसतं. पैसे देऊन कोण जाईल अशा ठिकाणी?"

गोडबोलीने कप खाली ठेवला. केबिनचे दार किलकिले झाले आणि साहेबांनी डोके बाहेर काढले.

"दिलगीर, काय नाव म्हणालात त्या गावाचं? नाही, म्हणजे, चुकून आम्हीच जाऊन पडायचो."

दिलगीररावांनी नाव सांगितले. गोडबोलीने ते पुन्हा विचारले. पुराव्याने "नक्की ना?" म्हणून खात्री करून घेतली. मग तिघेही फारच घाईने आपापल्या कामाला लागले. आपण गड राखला, या आनंदात दिलगीरराव त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेले. ऐकणारी तिन्ही माणसे तक्रारी वाचण्याच्या त्याच तालमीतली आहेत, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाचा बेत जाहीर झाला. पुराव्या घरच्या भिंती रंगवणार होता. गोडबोली आईकडे जाणार होती. साहेब उबदार समुद्रकिनाऱ्यावर निघाले होते. "बर्फ मला सोसतच नाही," असे ते न विचारता चार वेळा म्हणाले. दिलगीरराव मेहुणीकडे जाणार होते. इतकी निरुपद्रवी सुट्टी विभागाने पूर्वी कधी घेतली नव्हती.

गाव तक्रारींबरहुकूम निघाले. पांढरी छपरे, धूर सोडणारी धुराडी, आणि कानात दडे बसावेत अशी शांतता. बायको खोलीच्या खिडकीत उभी राहिली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. "कुणी ओरडत नाहीये," ती हळूच म्हणाली. दिलगीररावांना आपण जन्माचे सार्थक केल्यासारखे वाटले. ते मुलांचे आणि आपले बूट व स्की भाड्याने आणायला खाली हॉटेलच्याच स्कीच्या दुकानात गेले.

दुकानात शिरताच त्यांच्या कानावर एक खर्जातला आवाज पडला.

"हा डाव्या पायाचा बूट मला उजव्या पायाचा वाटतो. मी तक्रार करत नाही, पण निरीक्षण नोंदवतो."

असे वाक्य जगात एकच माणूस बोलत असे. दिलगीरराव टांगलेल्या कोटांच्या रांगेत शिरले आणि दोन कोटांमधून डोकावले. साहेब! बाकावर बसलेले, एका पायात बूट, मांडीवर दुसरा. दिलगीररावांना कोटातच घाम फुटला. साहेबांनी पाहिले तर आठवडाभर वल्ही. बायकोने साहेबांना पाहिले तर मिळेल ती गाडी. त्या खिडकीत उभ्या असलेल्या बाईचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी मनाशी ठरवले, की काय वाटेल ते होवो, तिला हे कळू द्यायचे नाही.

साहेब गेल्यावर ते बाहेर आले आणि दुकानदाराला म्हणाले, "सगळ्यात मोठं हेल्मेट द्या. आणि सगळ्यात मोठा गॉगल. आणि हा मफलर."

"उतार तर अगदी सोपे आहेत," दुकानदार म्हणाला.

"मला थंडी फार वाजते," दिलगीरराव म्हणाले.

"आज सगळ्यांनाच फार वाजतेय," दुकानदार पुटपुटला. दिलगीररावांनी तिकडे लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच त्यांनी मुलांना उठवले. "आईला झोपू दे. आपण लांबच्या उतारावर जायचं," ते म्हणाले. बायकोने एक डोळा उघडून "तुम्ही? मुलांना? दोघांनाही?" एवढेच विचारले आणि पुन्हा पांघरुणात शिरली. लांबचा उतार अशासाठी, की जवळच्या उतारावर साहेब असणार. ही साधी अक्कल होती. पण तीच अक्कल साहेबांनाही होती, आणि साहेबांनाच कशाला, ती साऱ्या विभागाला होती.

लांबच्या उतारावर जायला खुर्च्यांचा रोपवे होता. एका खुर्चीवर दोन मोठी माणसे बसत. मुले स्की शिकवणाऱ्या प्रशिक्षकाबरोबर पुढच्या खुर्चीत दाटीवाटीने बसली. दिलगीरराव मागच्या खुर्चीत बसले, आणि खुर्ची उचलली जाणार एवढ्यात त्यांच्या शेजारी एक वाटोळी आकृती येऊन आदळली. हेल्मेट, गॉगल, नाकापर्यंत मफलर. खुर्ची वर निघाली. दोघेही सरळ समोर बघत राहिले.

अर्ध्या वाटेत खुर्ची हिसका देऊन थांबली. शेजाऱ्याची काठी दिलगीररावांच्या गुडघ्यावर सणकून बसली आणि दिलगीररावांच्या तोंडून आपसूक निघून गेले, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

शेजारची आकृती गोठल्यासारखी झाली. वारा वाहत होता. पुढच्या खुर्चीतून धाकट्याचे गाणे ऐकू येत होते. बऱ्याच वेळाने मफलरमधून एक बारीक, बायकी आवाज आला, "काही हरकत नाही हं."

आवाज बारीक होता, पण त्याच्या तळाशी तो खर्ज होताच. साहेबांनी आजवर कुणालाही 'हरकत नाही' म्हटलेले त्यांनी ऐकले नव्हते, त्यामुळे तो शब्द त्यांना जास्तच भयंकर वाटला. दोघेही मान वळवून बसले, एक डावीकडचा डोंगर बघत, दुसरा उजवीकडचा. खुर्ची पुन्हा सुरू होईपर्यंत दोघांनीही आपापला डोंगर तोंडपाठ केला.

वर पोहोचताच साहेबांनी उडी टाकली आणि स्की चालवता येत नसतानाही ते ज्या वेगाने निघाले, तो पाहण्यासारखा होता. दुर्दैवाने ते उलटे निघाले होते. उताराच्या कडेला एक ठेंगणे झाड होते आणि त्या झाडामागे एक उंच माणूस कमरेत वाकून उभा होता. झाड ठेंगणे असल्यामुळे त्याची पाठ अख्खी बाहेर दिसत होती. साहेब पाठमोरे त्या पाठीवर जाऊन आदळले. दोघे मिळून खाली घसरले, ते बर्फाच्या ढिगाआड बसून मुकाट्याने सँडविच खात असलेल्या एका बाईवर. हे सगळे बघून दिलगीरराव थांबायला गेले. स्की चालवता येत नसताना थांबायला जाणे यासारखी दुसरी चूक नाही. तेही त्याच ढिगात येऊन पडले.

चार माणसे, आठ स्की आणि एक सँडविच. कुणाचा हात कुणाच्या काखेत, कुणाचे हेल्मेट कुणाच्या पोटात. पण तोंडातून आवाज म्हणून नाही! एक साधे "आई गं" नाही. प्रशिक्षक धावत आला आणि त्या बाईला उठवत म्हणाला, "कुठे लागलं?"

बाईने गुडघ्याकडे बोट दाखवले. मग कोपराकडे दाखवले. मग कमरेकडे. तोंड मात्र तिने उघडले नाही. चमत्कारिकच बाई, असे दिलगीररावांना क्षणभर वाटले, आणि मग लख्ख उजेड पडला. ज्या बाईचा आवाज साऱ्या मुलुखाला फोनवरून पाठ आहे, ती तोंड उघडेल कशी? गोडबोली! आणि ही उंच पाठ? वाकलेली असली तरी ती पुराव्याचीच. भिंती रंगवायला निघालेला पुराव्या!

हा साक्षात्कार त्या ढिगात चौघांनाही एकदमच झाला असावा. चौघेही हाताला लागतील त्या स्की पायात अडकवून चार दिशांना पांगले. दिलगीररावांच्या वाट्याला एक लाल आणि एक निळी स्की आली. परत जाऊन बदलून मागण्याची हिंमत कुणाचीच नव्हती.

"बाबा," थोरली म्हणाली, "ते साहेबकाका होते ना?"

"छे! ते इथलेच स्थानिक आहेत."

"मग ते स्थानिक तुम्हाला बघून पळाले का?"

"इथली माणसं लाजाळू असतात. आणि हे बघ, आईला यातलं काही सांगायचं नाही. तिला लाजाळू माणसांची काळजी वाटते."

थोरलीने बापाकडे अशा नजरेने पाहिले, की दिलगीररावांना गॉगल आतून पुसावा लागला.

तिथून पुढचा आठवडा म्हणजे एक तपश्चर्या होती. साहेब नाश्त्याला केव्हा येतात ते माहीत नसल्यामुळे दिलगीरराव सगळ्यांच्या आधी जाऊन थरमास भरून आणत. रात्रीचे सूप आणि पाव ते खोलीवरच घेऊन येत. दिवसभर मुलांना घेऊन ते कुठल्या तरी कोपऱ्यात असत, आणि तिथे बहुतेक दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यातून हाकलला गेलेला पुराव्या आधीच बसलेला असे. मग दोघेही एकमेकांना न ओळखता उलट दिशांना चालू लागत. एकदा मुलांनी केलेल्या बर्फाच्या बुजगावण्यामागून साहेब रांगत निघाले. एकदा गोडबोली जेवणघराच्या खिडकीशी उभी राहून बोटाने सूप, बोटाने पाव आणि दोन बोटांनी मीठ मागत होती. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. प्रत्येक मफलरमध्ये दिलगीररावांना साहेब दिसू लागले, आणि पुष्कळदा ते असतही.

स्कीच्या दुकानदाराने एकदा त्यांना थांबवले. "अहो, काय माणसं आलीत यंदा! चौघांच्या पायात एक लाल, एक निळी अशा विजोड स्की आहेत, आणि एकाचीही तक्रार नाही. तक्रार कशी करायची तेच ठाऊक नसलेली माणसं दिसतात."

दिलगीररावांनी नुसती मान हलवली.

या सगळ्यात एकच गोष्ट मनासारखी होत होती, ती म्हणजे बायको. ती दिवसेंदिवस उमलत चालली होती. गाल लाल झाले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली होती. संध्याकाळी दिलगीरराव लंगडत खोलीवर येत, तेव्हा ती गुणगुणत केस विंचरत असे. तुम्ही खोलीतच का जेवता, पहाटे का पळता, घरातही मफलर का, असे तिने एकदाही विचारले नाही. झोपेत "आले, आले" म्हणणेही थांबले होते. एवढी मोकळी हसताना दिलगीररावांनी तिला कित्येक वर्षांत पाहिले नव्हते, आणि आपण या माउलीला फसवतो आहोत, या विचाराने त्यांना सूप गोड लागत नव्हते. शेवटच्या दिवशी सामान बांधताना ती म्हणाली, "माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सुट्टी." त्यांनी घाईघाईने बॅगेचे कुलूप लावले.

सोमवारी ऑफिस उघडले. दिलगीरराव आत आले आणि पुराव्याला बघून दारातच थबकले. बर्फावरच्या उन्हाने पुराव्याचे तोंड तांब्याच्या भांड्यासारखे झाले होते. फक्त डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराची दोन पांढरीफेक वर्तुळे होती.

"झाल्या रंगवून भिंती?" दिलगीररावांनी विचारले.

"झाल्या. ऊन फार लागलं," पुराव्या म्हणाला. "मेहुणी काय म्हणते?"

"मजेत आहे. तिच्याकडेही ऊनच."

गोडबोली आली. तीच वर्तुळे. तिच्या आईच्या अंगणातही ऊन होते म्हणे. मग केबिनचे दार उघडले आणि साहेब बाहेर आले. त्यांचा चेहरा घुबडासारखा दिसत होता आणि ते थोडे लंगडत होते.

"समुद्रावर," साहेब सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत म्हणाले, "यंदा ऊन फार कडक होतं."

"हो ना साहेब," तिघेही एका सुरात म्हणाले. चार जोड्या पांढऱ्या वर्तुळांनी एकमेकांकडे पाहिले नाही. पुराव्याने जन्मात पहिल्यांदा कुणाकडे पुरावा मागितला नाही.

संध्याकाळी दिलगीरराव घरी आले ते ठरवूनच. मुले आत खेळत होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," ते म्हणाले. "आधी वचन दे, चिडणार नाहीस. तिथे बर्फात साहेब होते. पुराव्याही होता. गोडबोलीसुद्धा. पहिल्या दिवसापासून. मी तुझ्यापासून लपवलं. तू खिडकीत उभी होतीस ना, तेव्हा तुला सांगायची छातीच झाली नाही माझी."

बायकोने टॉवेलची घडी पूर्ण केली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"थोरलीनं सांगितलं?"

"तिनं सांगितलंच. पण त्याआधीच कळलं होतं. तुम्ही बूट आणायला गेलात, तेव्हा मी खाली गरम पाण्याच्या तलावात गेले होते. बघते तर समोर साहेबांच्या मिसेस! मला बघून त्या पाण्याखाली गेल्या, त्यांना बघून मी गेले. पण श्वास किती वेळ धरणार? दोघी एकदमच वर आलो. त्या म्हणाल्या, 'तुमच्यांना सांगू नका हं आम्ही इथे आहोत.' म्हटलं, 'त्यांना कळलं तर ते लपूनच बसतील.' तर म्हणाल्या, 'आमचे तर तुमच्या मिस्टरांना कोटात शिरताना बघून आलेत आणि आत्ता कपाटात बसलेत.'"

दिलगीरराव मटकन खुर्चीत बसले.

"अगं, मग तू परत का नाही निघालीस? तू तर गाडी..."

"परत कशाला? जन्मात पहिल्यांदा तुम्ही मुलांना घेऊन उजाडायच्या आत बाहेर पडत होतात, जेवण हातात आणून देत होतात, आणि दिवसभर दिसत नव्हतात. तिकडे साहेबांचंही तेच. पुराव्यांचंही तेच. त्यांची बायको काय नकला करते हो तुमच्या सगळ्यांच्या! हसून हसून पोट दुखलं आमचं. आणि गोडबोलीचे यजमान, फार सज्जन माणूस. आम्हा तिघींत बसून विणकाम करायचे. चौघंजण आठवडाभर पाण्यात काय डुंबलो, उन्हात काय पडलो! कुणी हाक मारायला नाही, की कुणाला उठून काही द्यायचं नाही. पुढच्या वर्षीच्या चारही खोल्या निघतानाच सांगून आलोय."

आधी दिलगीररावांना राग आला. मग साहेबांचे रांगणे आठवले, आणि राग टिकेना. समोर बसलेली बायको अजून तशीच हसत होती, आणि त्यांना ते फार बरे वाटले.

"म्हणजे आता मला लपायचं कारण नाही तर," ते सुटकेचा श्वास सोडून म्हणाले. "पुढच्या वर्षी मी आपला तुमच्यात येऊन बसतो."

"वा! असं कसं?" बायको दचकून म्हणाली. "तुम्ही नाही लपलात, तर बाकीचे कशाला लपतील? एक जण उजळ माथ्यानं फिरायला लागला, की साहेब लगेच पत्ते घेऊन बाहेर. मग आमच्या चौघांची सुट्टी गेलीच! तुम्हाला सांगायचंच नाही असं ठरलं होतं. तुम्ही आपणहून कबूल केलंत, म्हणून मला राहवलं नाही."

दिलगीररावांनी विचार केला. म्हटले तर अन्याय होता. पण तिचे म्हणणे खरे होते.

"त्या वरच्या उतारावर झाडं फार ठेंगणी आहेत," अखेर ते म्हणाले. "आणि मफलर सारखा खाली घसरतो. तोंडभर येईल अशी लोकरीची टोपी असती, तर जमलं असतं."

"विणायला घेतलीय," बायको म्हणाली. "गोडबोलीच्या यजमानांनी. चौघांसाठी चार."